खुर्चीच्या पाठीवर

खोडरबरने नवऱ्या मुलाच्या कानातून निघाल्यासारखी दिसणारी विजेची वायर पुसली, तिच्या जागी भिंतीचा रंग भरला आणि फोटो पाठवून दिला. त्याआधी सकाळपासून एका बाईंची दुहेरी हनुवटी गेली होती, एका साहेबांच्या डोक्यावर केस आले होते आणि नेमके डोळे मिटलेल्या एका मास्तरांना दुसऱ्या फोटोतले उघडे डोळे मिळाले होते. शहरातल्या बारा-पंधरा स्टुडिओंचं असलं बारीकसारीक काम या फोटो-लॅबच्या मागच्या खोलीत त्याच्या टेबलावर यायचं. गिऱ्हाइकांना त्याचा पत्ताच नसायचा. खोडरबर हे नाव स्टुडिओवाल्यांनी ठेवलेलं होतं आणि त्याला ते आवडायचं. रस्त्यावर त्याला जी नावं पडली होती ती सगळी पायावरून पडली होती.

पुढचं काम पुलापलीकडच्या स्टुडिओतून आलं होतं. सोबत एक ओळ होती, 'उजवीकडचा बसलेला माणूस काढणे. कुबडीसकट. अर्जंट.'

त्याने फोटो उघडला. उजवीकडे बसलेला माणूस तो स्वतःच होता.

आईच्या पंचाहत्तरीचा फोटो. डावीकडे दादा आणि वहिनी, मध्ये पुतणी, उजव्या टोकाला आई उभी आणि तिच्यापुढे खुर्चीत तो. त्या दिवशी फोटोवाला कुरकुरला होता, आजींना बसवा, बरं दिसत नाही. आई म्हणाली होती, "हा फार वेळ उभा राहिला की पाय भरून येतो त्याचा. मला काय धाड भरलीय?" फोटोवाल्याने कुबडी उचलायला हात घातला तेव्हा तिने तोही अडवला. "राहू दे तिला. ती पण घरचीच आहे." सगळे हसले आणि आईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हसण्यातच फोटो निघाला होता.

त्याने खुर्ची जरा मागे ढकलली. घराजवळचे चार स्टुडिओ सोडून दादा पूल ओलांडून गेला होता, कारण इकडे सगळे त्याच्या भावाला ओळखत. पलीकडचं कामही भावाच्याच टेबलावर येतं हे दादाला ठाऊक नव्हतं. भाऊ दिवसभर काय करतो, हे त्याने कधी नीट विचारलंच नव्हतं.

कशासाठी हेही उघड होतं. पुतणीचं लग्न जमवायचं चाललं होतं. गेल्या वर्षी एक स्थळ दारापर्यंत येऊन परत गेलं. मुलाच्या मामाने कोपऱ्यातल्या कुबडीकडे बघत विचारलं होतं, "हे घराण्यात आहे का?" आईने तिथल्या तिथे सांगितलं होतं की तीन वर्षांचा असताना ताप आला आणि पाय गेला, वेडेवाकडे प्रश्न विचारायची खोड मात्र आमच्या घराण्यात नाही. मामा निघून गेले आणि चार दिवसांनी नकार आला. पुतणी खोलीचं दार लावून रडली. तिला पाढे त्याने शिकवले होते, तिच्या वह्यांना कव्हरं त्याने घातली होती. ती रडत असताना तो बाहेरच्या खोलीत कुबडी मांडीवर आडवी घेऊन बसून होता.

त्याने पलीकडच्या स्टुडिओवाल्याला फोन लावला. त्या दोघांची ओळख फोनवरचीच होती, एकमेकांचं तोंड कधी बघितलं नव्हतं.

"माणूस काढतो. पण मागच्या म्हातारीचा हात त्याच्या खांद्यावर आहे. हाताचं काय करू?"

"थांब, विचारतो गिऱ्हाइकाला." थोड्या वेळाने त्याचा उलट फोन आला. "तो म्हणतो, बरं दिसेल ते करा. फार घाबरलाय रे तो माणूस. तीनदा विचारलं, कळणार नाही ना, कळणार नाही ना. मी म्हटलं, आमच्या माणसाने पुसल्यावर जन्मदात्या आईलाही शोधून सापडत नाही."

"बरं," खोडरबर म्हणाला.

कुबडी एका मिनिटात गेली. मग जाड तळाचा बूट गेला, दुसरा पाय गेला, मांडीवर ठेवलेले हात गेले. शर्टाच्या जागी खुर्चीचं बूड आणि पाठ आली. तशीच खुर्ची त्याच दिवशीच्या दुसऱ्या फोटोत रिकामी सापडली होती. चेहरा त्याने शेवटी ठेवला. लोकांचे चेहरे पुसताना तो गुणगुणायचा, आज त्याला सूर लागला नाही. मागे उभ्या आईच्या साडीची निळी चुणी वरून खाली ओढत आणली आणि तो संपला.

हात उरला होता. तो सरळ खाली सोडता आला असता, अशी कामं त्याने ढिगाने केली होती. त्याने हात जागचा हलवला नाही. खुर्चीची पाठ थोडी उंच केली आणि बोटांखाली आणली. चार बोटं पुढे, अंगठा मागे. बोटांची सावली लाकडावर पाडायला त्याला अर्धा तास लागला.

हे आपण का करतोय, ते त्याला पुरतं ठाऊक होतं. कुणीतरी हा फोटो बघेल, ही खुर्ची कुणाची म्हणून विचारेल, आणि मग आई सांगेल. आईला खोटं बोलता यायचं नाही. शेजारणीने आणलेला केक तिच्या तोंडावर करपलाय म्हणून सांगणारी बाई ती. त्याला भांडायचं नव्हतं, पुतणीचं लग्न मोडावं असं तर मुळीच वाटत नव्हतं. फक्त कुणीतरी विचारावं आणि आईने त्याचं नाव घ्यावं, एवढंच त्याला हवं होतं.

शनिवारी संध्याकाळी दादा त्याच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"उद्या पाहुणे येतायत. तुला सांगितलं ना मी?"

"सांगितलंस."

"नाही, म्हणजे बाहेर गर्दी होईल. तुला अवघडल्यासारखं..."

"मी आतच बसतो, दादा. माझं काम पडलंय थोडं."

दादाचे खांदे खाली आले. "बघ हां, माझं काही म्हणणं नाही," तो म्हणाला आणि जाताना दार हलकेच लोटून गेला.

रविवारी सकाळी वहिनी बैठकीतल्या खुर्च्यांना अभ्रे घालत होती, तेव्हा त्याने कोपऱ्यातली आपली कुबडी उचलली आणि कुणी काही म्हणायच्या आत आत नेली. पुतणी त्याच्या मागोमाग आली. "काका, तुम्ही बाहेर नाही आलात तर मला आवडणार नाही," असं म्हणाली, पण तिचा आवाज इतका लहान झाला होता की त्याने तिला "जा, केस नीट कर," म्हणून पिटाळलं.

पाहुणे अकराला आले. त्याने दार बोटभर उघडं ठेवलं होतं. मुलाचे आईवडील मोजकं बोलत होते, मुलगा तर त्याहून कमी. बोलायचं सगळं काम मुलाच्या आत्याने अंगावर घेतलं होतं. तिचं हसणं मोकळं होतं आणि कुणी आवडलं की ती लगेच तसं म्हणत होती. पुतणी तिला आवडली. चहा आवडला. मग पर्स उघडल्याचा आवाज आला.

"हा तुमचा फोटो आमच्याकडे घरभर फिरलाय बरं का. एक मात्र विचारायचं राहिलं होतं. ही रिकामी खुर्ची कुणासाठी ठेवलीय?"

दादाचा कप बशीवर टेकला.

"बघू," आई म्हणाली. "चष्मा दे गं माझा."

म्हणजे फोटो आईला दाखवलेला नव्हता. तो दाराच्या फटीशी आला. इथून आईची फक्त पाठ दिसत होती आणि फोटो धरलेला हात. तिने फोटो खिडकीच्या उजेडात धरला. जवळ नेला, लांब नेला. मग तिचा अंगठा फोटोवर उजव्या बाजूला गेला आणि तिथेच थांबला.

तो वाट बघत होता. त्याने आयुष्यात इतकी वाट कशाची बघितली नव्हती.

आईने मान वळवून पुतणीकडे बघितलं. पुतणी ट्रे छातीशी धरून खाली बघत होती.

"अहो, मला फार वेळ उभं राहवत नाही ना," आई म्हणाली. "म्हणून खुर्चीला धरलं होतं."

"मग बसायचं की तिच्यात!" आत्या म्हणाली.

सगळे हसले. दादा सगळ्यात मोठ्यांदा हसला, आणि शेवटी आईही हसली.

तो परत जाऊन खिडकीशी बसला. बाहेर होकार झाला, पेढ्यांऐवजी साखरच वाटू म्हणून आत्याने चमचा मागितला, पुतणीला कुणीतरी जवळ घेतलं. चपला वाजल्या, गाडी सुरू झाली, दादा फाटकापर्यंत सोडायला गेला.

दार उघडून आई आत आली. तिने चहाचा कप खिडकीत ठेवला. त्याने मागे वळून बघितलं नाही.

"जमलं," ती म्हणाली.

"ऐकलं मी. चांगली माणसं वाटली."

ती त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"काम फार सफाईचं आहे रे," ती म्हणाली. "बोटांची सावलीसुद्धा सोडली नाहीस."

"हो."

तिचा हात पुढे आल्याचं त्याला जाणवलं. नेहमीच्या सवयीने तो खांद्याकडे आला, मध्येच थबकला आणि खुर्चीच्या पाठीवर टेकला. डोळ्यांच्या कडेने त्याला तिची बोटं दिसत होती. चार पुढे, अंगठा मागे.