कानटोपीतला इसम

"केशवराव, पाटी तुम्हीच लिहा. तुमच्याइतकं झोंबणारं कुणाला जमतंय?" अध्यक्ष अनंतराव म्हणाले आणि मी लगेच पेन काढलं. स्तुती झाली की माझं असंच होतं.

वारज्यातल्या आमच्या सोसायटीच्या सगळ्या पाट्या माझ्याच. 'घंटी एकदाच वाजवा, आम्ही बहिरे नाही' हीसुद्धा. एरवी मी, केशव गुरुंग, विमा कचेरीत कारकून. आजोबा नेपाळहून खडकीला आले, वडील विश्रांतवाडीत वाढले, आणि मी अळूवडीला नारळ कमी पडला तर बोलून दाखवणारा पुणेकर.

तर सभागृहातली पितळी समई गायब झाली होती. कॅमेऱ्यात पहाटे पोतं घेऊन जाणारा एकजण सापडला होता आणि आमचे म्हातारे वॉचमन बापूराव त्याला चक्क सलाम ठोकत होते. म्हणजे आतून सामील! बापूरावांना आजच्या आज काढायचं सभेत ठरत होतं.

"लिहा," मंदाकिनीबाई म्हणाल्या, "चोर नेपाळी आहे. बारीक डोळे, बुटका."

"बुटका नको, ठेंगणा लिहू. पाटीवर बरं दिसतं. जरा बघू तो व्हिडिओ."

बघितला. डोक्यावर बायकोनं विणलेली कानटोपी. पोत्यात टेकडीवरच्या झाडांसाठी नेलेलं खत.

"अहो, हा मी आहे!"

सगळे हसले. "काहीतरीच काय! हा नेपाळी दिसतोय."

"मग मी कोण दिसतो?"

"छे हो, तुम्ही आपले!"

बापूरावांना बोलावलं. "सायेबच व्हते की. रोज जात्यात टेकडीवर."

"बघा! वर खोटंही बोलतोय!" मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"ह्या वयात मला दुसरीकडं कोण ठेवनार, सायेब?" बापूराव माझ्याकडे बघून म्हणाले. माझं टाळकंच सटकलं. तडक घरी गेलो, टोपी चढवली, पोतं खांद्यावर टाकलं आणि सभागृहाच्या दारात येऊन उभा राहिलो.

"अगं बाई! आला!" मंदाकिनीबाई किंचाळल्या. "हाच तो! धरा!"

"मंदाकिनीबाई, गेल्या सभेत टँकरवरून तासभर माझ्याशीच भांडलात. आवाज तरी ओळखा."

तेवढ्यात अनंतरावांच्या बायकोचा फोन आला. समई चिंचेनं घासायला त्यांनीच घरी नेली होती. "तुम्हाला सांगितलं होतं की हो! कधी ऐकाल तर शपथ!" हे आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

बापूरावांची नोकरी राहिली. चहा झाला. निघताना अनंतरावांनी माझ्या पाठीवर प्रेमानं हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका हं, केशवराव. फक्त ती टोपी घालत जाऊ नका, म्हणजे झालं."

ते मात्र मला फार लागलं. जन्मभर लोकांना टोमणे मारले आणि ऐन वेळी 'बरं' म्हणून टोपी खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी पहाटे कडाक्याची थंडी होती. फाटकापाशी मी टोपी काढली, पोतं खाली ठेवलं आणि तोंड वर करून कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो. बापूरावांनी नेहमीसारखा सलाम ठोकला. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनीही आपली टोपी काढली आणि माझ्या शेजारी येऊन कॅमेऱ्याकडे बघत उभे राहिले.

"दिसलो आसू आता, सायेब," थोड्या वेळानं ते म्हणाले. "घाला टोपी. लई गार हाय."