आठ ठिपके

इंदुमतीबाईंनी कॉम्प्युटरवरचं विणकामाचं कापड ओढून घेतलं, त्याची चौपदरी घडी केली आणि ती मांडीवर दाबून त्या आरामखुर्चीत बसल्या. समोर स्टुलावर हेमावती बसली होती. धारवाडच्या या जुळ्या शहरात, लॅमिंग्टन रोडवर तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. पंचेचाळिशीची, हाडापेरानं मजबूत बाई. दारात चप्पल काढली तेव्हाच इंदुमतीबाईंनी तिला डोक्यापासून पायापर्यंत मोजून घेतलं होतं.

"बायका यायला लागल्या मशिनी दुरुस्तीला," त्या सुनेला म्हणाल्या. आवाज हळू, पण ऐकू जाईल एवढा. "उद्या गडी येतील पापड लाटायला."

"आत्याबाई, ऐकतील त्या," सावनी पुटपुटली.

"ऐकू दे की. कान दिलेत देवानं."

हेमावतीनं पडद्यावरची नजर काढली नाही. "माझा नवरा लाटतो की, अव्वा. पापड. गोल येतात अगदी."

इंदुमतीबाईंनी तोंड फिरवलं. हसू दिसायला नको होतं.

सावनी विद्यानगरच्या कॉलेजात शिकवत होती. तिच्या खात्यातून कुठल्याशा परमुलखातल्या माणसानं परवा पैसे काढायचा घाट घातला. बँकेला संशय आला, त्यांनी व्यवहार अडवला आणि फोन केला. पैसे वाचले. पण पासवर्ड बाहेर गेला कसा, ते कुणाला उमगेना. सावनीनं तो कधी कुणाला सांगितला नव्हता, नवऱ्यालासुद्धा.

"आत कोणतरी बसलंय बघा," हेमावती म्हणाली. "हे काही मोडत नाही, नासवत नाही. नुसतं कान देऊन बसतं. तुम्ही कळ दाबली, की यानं लिहून घेतली. आणि मग ती वही बाहेर धाडायची, धन्याकडं."

"पण पासवर्ड दिसतच नाही ना," सावनी म्हणाली. "नुसते ठिपके येतात."

"ठिपके तुम्हाआम्हाला हो. त्याला बोटाखालचं अक्षर कळतं."

मांडीवरच्या कापडावर इंदुमतीबाईंची बोटं थांबली.

"कुणी मेलमधलं काही उघडलं होतं का? चित्र, गाणं, असलं काही?" हेमावतीनं विचारलं. "आणि अव्वा, तुम्ही वापरता का हे?"

"मी?" इंदुमतीबाईंनी भुवई चढवली. "चौथी पास बाई मी. त्या डब्याला मी पुसण्यापुरतासुद्धा हात लावत नाही."

दिवाळीत मेलवरच्या एका पत्रात समई आली होती. इथं टिचकी मारा, ज्योत उजळेल, असं सावनीनंच वाचून दाखवलं होतं आणि उघडायचं नाही म्हणून बजावलंही होतं. सून कॉलेजला गेल्यावर त्यांनी टिचकी मारली. सणाची समई विझलेली ठेवायची म्हणजे काय? ज्योत उजळली, छान हललीसुद्धा.

खिडकीतून उन्हाची तिरीप आत आली होती. तिच्यात धुळीचे कण तरंगत होते, आणि कुठं उतरायचं ते त्यांना ठरवता येत नसावं.

याच वेळेला, रोज दुपारी, घर रिकामं झालं की इंदुमतीबाई त्या स्टुलावर बसत. अळणावर गावातल्या माहेरच्या लाकडाच्या वखारीतला त्यांचा वाटा भावांनी त्यांच्या नावावर बँकेत ठेवला तेव्हा तिथली मुलगी म्हणाली होती, "आजी, पासवर्ड असा ठेवा, जो घरात कुणालाच ठाऊक नाही." त्यांनी थोडा विचार केला आणि तिच्या कानात एक शब्द सांगितला. मुलीनं पावतीच्या पाठीवर आठ इंग्रजी अक्षरं काढून दिली. इंग्रजीतली तेवढीच अक्षरं इंदुमतीबाईंना येत. एक बोट, एक कळ, एक ठिपका. आठ ठिपके झाले की त्या हात मागं घेत आणि नुसत्या बघत बसत. अंगणात रांगोळीचे ठिपके घालून झालेत, रेघा अजून ओढायच्यात, तसं दिसे ते. कुठला ठिपका कुठल्याला जोडायचा हे त्यांना एकटीलाच ठाऊक. मग ताज्या चिरलेल्या सागवानाचा वास येई. धुक्यात ओंडके रचलेले, धुक्याच्या पलीकडून अप्पा हाक मारताहेत, आणि परकराचा ओचा धरून कुणीतरी धावत निघालंय. ते धावणं संपेपर्यंत त्या बसून राहत. खात्यात किती आहे ते बहुतेक वेळा बघायचंच राहून जाई.

चोपन्न वर्षांपूर्वी ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'इंदुमती' असं लिहिलं गेलं. मग तांदूळ सारखे केले, आणि आधीचं नाव त्यांत मिसळून गेलं. त्यानंतर त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. आता ते परमुलखातल्या कुठल्या चोराच्या वहीत होतं. पैसे गेले असते तर त्या दोन दिवस चरफडल्या असत्या, एवढंच.

"सापडली वही!" हेमावती म्हणाली.

"पुसून टाक. उघडू नको."

"काय गेलं ते बघायला नको? नाहीतर बदलणार काय?"

"मी सांगते ना, पूस!"

पण हेमावतीनं ती उघडली होती. काळ्या अक्षरांच्या रांगा पडद्यावर पसरल्या. तिनं मान पुढं काढली आणि मोठ्यानं वाचलं.

"शाल्मला."

इंदुमतीबाईंचे ओठ गोल झाले. आतून निघालेली 'ओ' त्यांनी दातांशी अडवली.

"शाल्मला. शाल्मला. रोज दुपारी अडीचला. आपल्या धारवाडची नदी की ही. आणि सकाळी सातला," तिनं बोट खाली सरकवलं, "सुलभा. सुलभा. सुलभा. या दोघी कोण हो?"

इंदुमतीबाईंनी सुनेकडं पाहिलं. सावनी टेबलाची कड पदरानं पुसत होती. कड स्वच्छच होती. तिचे कान लाल झाले होते.

बारा वर्षांपूर्वी, भरल्या मांडवात, तांदळाचं ताट इंदुमतीबाईंनीच मुलापुढं सरकवलं होतं. "सुलभा म्हणजे काय रे सुमंत? कुठंही मिळणारी? सावनी लिही." बायका हसल्या होत्या. नवी नवरीही हसली होती.

"पासवर्डात नाव ठेवायचं नसतं, अव्वा," हेमावती सांगत होती. "चोर पहिलं तेच धुंडाळतो. दोन्ही बदला, पण या मशिनीवर नको. माझ्या दुकानात या. पडद्यावरच कीबोर्ड येतो, त्याची अक्षरं माऊसनं टिपायची. कळ दाबलीच नाही तर हे ऐकणार काय? पण या दोघी..."

"नावं ठेवण्यातच जन्म गेला माझा," इंदुमतीबाई म्हणाल्या. आवाजाची धार कुठंतरी उतरली होती. "घरातल्याच त्या. लग्न होऊन आल्या, मग दिसल्या नाहीत."

हेमावतीनं दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं आणि माऊसवर हात ठेवला. "पुसू?"

"थांब जरा."

चोरानं दोघींना एकाच कागदावर बसवलं होतं, एकीखाली एक. इंदुमतीबाईंनी सगळी रांग शेवटपर्यंत पाहिली. मग मांडीवरच्या कापडाची घडी उलगडली.

"पूस."

पडदा पांढरा झाला. सावनी स्वयंपाकघराच्या दाराशी पोचली होती.

"सुलभा," त्या पडद्याकडंच बघत म्हणाल्या, "हेमावतीला चहा टाक."

पावलं उंबऱ्यावर थांबली. धुळीचा एक कण तिरिपीतून बाहेर पडला.

"ओ," ती म्हणाली.