अडकलेल्या सुळ्याची कैफियत

मित्रांनो, मी एक सुळा आहे. वरचा, डावीकडचा. जुना म्हणावं तर जगाचं तोंड मी नुकतंच पाहिलंय, आणि नवा म्हणावं तर सगळं बालपण हाडात अडकण्यात गेलं.

माझी मालकीण चौदा वर्षांची, बोलघेवडी. माझ्या जागेवर तिचा दुधाचा दात ठाण मांडून बसला होता. पडायची वेळ कधीच टळली, तरी ढिम्म हलेना. बरं, त्याला कुणी बोल लावावा? छे! आई येणाऱ्या-जाणाऱ्याला तो कौतुकानं दाखवायची. आपल्या घराण्याचे दातच मजबूत, अशी आत्याची वर पुस्ती. उजवीकडचा माझा जोडीदार केव्हाच उतरला, मग डावीकडचा कुठाय, हे एकानंही विचारलं नाही. वाट शोधता शोधता मी टाळूकडे वळलो आणि शेजारच्या दाताच्या मुळाला जाऊन भिडलो. मला कुणाच्या मुळावर उठायचं नव्हतं हो. पण जागाच नाही दिली तर जायचं कुठं?

शेवटी दात सरळ करणाऱ्या डॉक्टरबाईंनी हिरडी चाचपली, एक्स-रे काढला आणि घराण्याचा अभिमान उपटून टाकला. तारा लावून माझ्यासाठी जागा केली. टाळूची हिरडी जराशी उघडून माझ्या अंगावर एक बटण चिकटवलं, बटणाला बारीक साखळी, आणि साखळी तारेला बांधली. ओढ अगदी हलकी, कारण दांडगाई मुळाला सोसत नाही. महिन्याला जेमतेम मिलिमीटरभर मी सरकू लागलो.

तेवढ्यात मालकिणीनं पेनाचं टोपण चावलं. साखळी तारेपासून सुटली. मग तिनं काय करावं? सुटलेलं टोक तारेखाली खोचलं आणि गप्प बसली. एरवी तोंडाचा पट्टा थांबत नाही, नेमकं तेव्हाच तोंडाला कुलूप. पोट दुखतंय म्हणून दोनदा तपासणीही चुकवली. मी आत जागच्या जागी चरफडत होतो, पण मला विचारतो कोण?

तिसऱ्या महिन्यात बाईंनी चिमटा लावला आणि साखळी सैल लोंबली. नवा एक्स-रे पाहून त्या म्हणाल्या, "शेजारच्या दाताचं मूळ झिजलंय. आता सहा महिन्यांत हा सुळा सरकला नाही, तर काढावा लागेल."

"तुम्ही रागवाल म्हणून सांगितलं नाही," मालकीण रडत म्हणाली.

"अगं, बांधायला दोन मिनिटं लागतात."

त्यानंतर मात्र ती रोज सकाळी आरशात साखळी बघायची. टोपण चावणं सुटलं. पाचव्या महिन्यात मी शेजाऱ्यापासून सुटलो, आणि वर्षभरानं रांगेत येऊन उभा राहिलो. आईनं बराच वेळ निरखून पाहिलं. म्हणाली, "उशीर यानं नाही केला. आपणच भलत्याचं कौतुक करत बसलो."

मित्रांनो, एका बाजूचा सुळा आला आणि दुसऱ्या बाजूचा आला नाही, तर वेळेवर दाखवा. तोंडात काही सुटलं, तर त्याच दिवशी सांगा. शेजाऱ्याचं मूळ आखूड झालं ते झालंच, आता ते वाढायचं नाही. मी रोज त्याची माफी मागतो. खरं तर ती मी मागायची नव्हती.