खांद्यातून निखळणारा माझा हात

मित्रांनो, दवाखान्याच्या प्रशिक्षणाच्या खोलीत खिडकीखाली एक पलंग आहे. त्यावर अठरा वर्षं नुसती लोळून काढलेला मी एक जुना पुतळा आहे. लोळून काढली म्हणजे चैन केली, असं तुम्हाला वाटेल. मलाही पुष्कळ वर्षं तसंच वाटत होतं. आता ते आठवलं की मान खाली घालावीशी वाटते, पण माझी मान तेवढी वाकत नाही.

रबराची कातडी आणि कापसाचं पोट देऊन एका कारखान्यात मला घडवलं. रुग्णाला कुशीवर कसं वळवायचं, त्याच्याखालची चादर कशी बदलायची, हे वॉर्डातल्या मावशींनी आणि मामांनी माझ्यावर शिकायचं. माझं वजन अवघं नऊ किलो! त्यामुळे सगळे माझ्यावर खूश. दिवसभर पडून राहायचं आणि सगळ्यांकडून उठबस करून घ्यायची, म्हणून त्यांनी माझं नाव ठेवलं 'जावईबापू'. मी इतका फुगलो की विचारू नका.

पाचव्या वर्षी माझा डावा हात खिळखिळा झाला. अंगाखाली आला की तो खटकन खांद्यातून निघायचा. शिकवणारे सर तो परत बसवायचे आणि वर्ग पोट धरून हसायचा. खरं तर वळवण्याआधी रुग्णाचा हात छातीवर घ्यायचा असतो. माझा तिथे टिकतच नसे. मग सर म्हणायचे, "समजा, घेतला." आणि फॉर्मवर त्या पायरीपुढे खूण करून पुढे जायचे. त्या 'समजा'ची मला कधी लाज वाटली नाही. उलट लोक हसतात म्हणून मी तो हात आणखीच सैल सोडायचो.

मग नियम आला. तीन मिनिटांत मला वळवून चादर बदलेल तो पास. नापास होईल त्याने वॉर्ड सोडून तळघरात कपड्यांच्या घड्या घालायच्या. परीक्षेला एक मावशी आल्या. बावीस वर्षं वॉर्डात काढलेल्या. त्यांनी आधी तळहात एकमेकांवर चोळून उबदार केले. मग माझ्या कानाशी वाकल्या.

"दादा, आता डाव्या कुशीवर वळवते हं. दुखलं तर सांगायचं."

आणि त्या थांबल्या. माझ्या उत्तरासाठी!

"मावशी, जावईबापू रुसलेत, बोलायचे नाहीत," रांगेतले एक उंच मामा म्हणाले. सगळे हसले.

"सवय आहे हो," मावशी ओशाळून म्हणाल्या. माझा निखळता हात त्यांनी उचलून छातीवर ठेवला. घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. तेवढ्यात वेळ संपली. सरांनी 'नापास' लिहिलं. मावशी पदराने चेहरा पुसून तळघराकडे गेल्या. त्यांच्यानंतर उंच मामांनी मला एका मिनिटात उलटवलं. हात खटकन निघाला, टाळ्या पडल्या, मामा पास.

आठच दिवसांनी मामा खाली मान घालून खोलीत आले. वॉर्डातल्या एका आजोबांना त्यांनी अगदी माझ्यासारखंच वळवलं होतं. आजोबांचा हात अंगाखाली अडकला आणि खांद्याला जबर मार बसला.

"सर, तुम्ही शिकवलं तसंच मी केलं," मामा म्हणाले. "पण माणसाचा हात निघत नाही ना."

मित्रांनो, मला त्या क्षणी कोणी गादीखाली लपवलं असतं तर बरं झालं असतं.

सरांनी स्वतः तळघरात जाऊन मावशींना वर आणलं.

"मला कशाला? मी तर नापास," मावशी म्हणाल्या.

"कसं वळवायचं ते सांगा."

"सांगून नाही यायचं. बूट काढा आणि झोपा."

मला खुर्चीत बसवलं आणि सर माझ्या जागी आडवे झाले. आधी मामांनी वळवलं.

"अहो, हळू, पडेन मी," सर ओरडले.

"पुतळे बोलत नसतात, सर," मावशी म्हणाल्या. मग त्यांनी हात चोळले, सरांना विचारलं, उत्तराची वाट पाहिली, त्यांचा हात छातीवर घेतला आणि अलगद वळवलं. सर तसेच भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

"हे फॉर्ममध्ये कुठे लिहू?" त्यांनी विचारलं.

"लिहिण्यापेक्षा एकेकाला इथे झोपवा. आपोआप कळेल."

निकाल चुकला होता, असं सरांनी मोठ्या सिस्टरना लेखी दिलं. मावशी वॉर्डात परतल्या. आता वर्गात माणसंच आळीपाळीने रुग्ण होतात आणि घड्याळ कोणी लावत नाही. मी कपाटामागे उभा असतो. माझ्यावर शिकून किती जण पास झाले आणि त्यांनी किती जणांचे हात दुखावले, हे मला माहीत नाही. या 'माहीत नाही'चीच सर्वात जास्त लाज वाटते.

मित्रांनो, उद्या तुम्हीही कोणाला तरी काम शिकवाल. तेव्हा माझ्यासारखं सोपं काही पुढे ठेवून टाळ्या वाजवू नका. जो ते काम वर्षानुवर्षं करतोय, त्याला आधी विचारा. त्या आजोबांचा खांदा अजून पुरता वर जात नाही, असं मावशी काल सांगत होत्या. मला आजोबांची माफी मागायची आहे. माझं तोंड नुसतं रंगवलेलं आहे.