कासवाचा उजवा हात

फिजिओथेरपिस्ट मॅडमचा आवाज चढलेला दवाखान्यात कुणी कधी ऐकला नव्हता. बारा वर्षं ती एकाच खोलीत काम करत होती. दोन पलंग, भिंतीला ठोकलेली लाकडी शिडी, खिडकीपाशी टेबल आणि त्यावरच्या ट्रेमध्ये कपड्यांचे चिमटे, बटणं, स्पंजचे चेंडू. अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेली, अपघातात हात चिरडलेली माणसं तिथे बसून एकेक चिमटा उचलायची, पाडायची, स्वतःवरच वैतागायची. "होऊ दे सावकाश, घाई कुणाला आहे?" असं ती म्हणायची, आणि खरंच तिला घाई नसायची. एका टेलरकाकांना शर्टाचं एक बटण लावायला पंधरा मिनिटं लागली, तेव्हा ती पंधराही मिनिटं समोर बसून राहिली. मदतीला हात पुढे केला नाही, की घड्याळाकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी घरी येऊन तिने कानांवर हेडफोन चढवले, की मात्र ती "घार" व्हायची.

ऑनलाइन गेमचा हा नाद तिला धाकट्या भावाने लावला होता. तो दुसऱ्या शहरात नोकरीला. फोनवर दोघांचं बोलणं "जेवलास का" आणि "हो, तू?" यापुढे सरकत नसे. म्हणून त्याने एकदा तिला गेममध्ये ओढलं. चार जणांची टीम, समोर दुसरी चार जणांची. आपली पेटी पुलावरून पलीकडच्या किल्ल्यात पोचवायची, समोरचे अडवणार. पहिल्या महिन्यात ती पुलावरून सारखी पाण्यात पडायची आणि भाऊ हसून हसून लोळायचा. सहा महिन्यांत तीच टीमची कॅप्टन झाली. कुणी कुठे उभं राहायचं, कधी धावायचं, हे तिच्याइतकं चटकन कुणालाच दिसत नसे.

भावाचं गेममधलं नाव भोपळा. तिसऱ्याचं सायलेन्सर, तो कुठल्याशा ऑफिसात कारकून होता आणि आठवड्यातून एखादं वाक्य बोलायचा. चौथी जागा रिकामी होती. तिथे एके दिवशी गेमनेच एक नवा खेळाडू आणून बसवला. नाव होतं कासव.

कासव माइकवर कधी बोललं नाही. काही सांगायचं असलं तर टाइप करायचं, तेही एकेक शब्द. "चालेल." "सॉरी." "येतंय." त्याचं काम वैद्याचं होतं: जखमी साथीदारावर नेम धरायचा, बटण दाबून ठेवायचं, की साथीदार बरा होतो. आणि तिथेच घोडं अडायचं. कासवाचा नेम लागेपर्यंत साथीदार मरून पडलेला असे.

सुरुवातीला सगळ्यांनी चेष्टा केली. मग टीम वरच्या गटाच्या उंबरठ्याशी आली आणि चेष्टेला धार चढली. "अरे, बघतोयस का झोपलायस?" हे घारीचं पहिलं वाक्य. कासवाने "सॉरी" टाइप केलं. दुसऱ्या दिवशी "तुझ्यापेक्षा रिकामी खुर्ची बरी." पुन्हा "सॉरी." त्या सॉरीनेच तिचं डोकं आणखी फिरायचं. उलट उत्तर आलं असतं तर कदाचित तीही थांबली असती. तिच्या तोंडाचा पट्टा सुटला की भोपळा हसायचा आणि सायलेन्सर नेहमीसारखा गप्प. आपण खरंच विनोदी बोलतो, असं तिला वाटू लागलं होतं.

शनिवारी दुपारी निकालाची मॅच होती. जिंकली की वरचा गट. पेटी किल्ल्याच्या दारात पोचली, घार स्वतः जखमी होऊन दारात कोसळली. कासव तिच्यापासून चार पावलांवर उभं होतं. एक नेम, एक बटण, बस्स. नेम डावीकडे गेला. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे. पेटी गेली, मॅच गेली.

"हाताला लकवा मारलाय का तुझ्या?" ती ओरडली. "मुद्दाम हरवलंस ना? समोरच्यांनी पाठवलंय तुला? चालता हो इथून! सगळ्यांनी रिपोर्ट मारा रे याला. मुद्दाम हरवतो म्हणून टाका. आत्ताच."

भोपळ्याने रिपोर्ट मारला. सायलेन्सरने मारला. तिने स्वतः तर मारलाच, वर चार ओळी खरडल्या.

पडद्यावर सावकाश अक्षरं उमटली. "ताई, मी मुद्दाम नाही केलं." भाऊ तिला ताई म्हणायचा, ते इतके दिवस ऐकून कासवानेही तीच हाक उचलली असावी. त्याआधी त्याने ती कधी मारली नव्हती. वाक्य पुरं होता होताच नाव करडं झालं. एका टीमच्या तीन तक्रारी एकदम आल्या, की अकाउंट महिनाभर बंद आणि कमावलेल्या सगळ्या लेव्हल शून्यावर, असा गेमचा नियम होता.

"बरं झालं, ब्याद गेली," घार म्हणाली आणि भांडी घासायला उठली.

मंगळवारी भावाने तिला त्याच मॅचचं रेकॉर्डिंग पाठवलं. "कुठे चुकलो ते बघ, पुढच्या वेळी उपयोगी पडेल." गेममध्ये झालेली मॅच कुठल्याही खेळाडूच्या नजरेतून पुन्हा पाहता येते. दुपारच्या सुट्टीत, दवाखान्यातल्या त्याच टेबलापाशी डबा उघडून तिने ती लावली. स्वतःच्या नजरेतून पाहिली, भावाच्या पाहिली. मग म्हटलं, बघू तरी हे कासव करत काय होतं.

पहिल्या दोन मिनिटांतच घास हातात राहिला.

कासवाच्या नेमाचं चिन्ह पडद्यावर लांब, मोठ्या फराट्यांनी सरकत होतं. जिथे थांबायचं तिथून पुढे जायचं, मग परत यायचं, परत येतानाही मागे जास्तच. मनगटाने हलवलेला माउस असा फिरत नाही. हा माउस खांद्यातून हलत होता. मनगट आणि बोटं साथ देत नाहीत तेव्हा माणूस अख्खा हात खांद्यापासून ढकलतो. रोज सकाळी ती हे समोर बसून पाहत होती. चिन्ह पूर्ण स्थिर झाल्याशिवाय बटण एकदाही दाबलं गेलं नव्हतं. हलवणं आणि दाबणं, दोन्ही एकदम या हाताला जमत नव्हतं. तिने रेकॉर्डिंग मागे नेलं, पुन्हा पाहिलं. चौथ्या वेळी तिला खात्री पटली. हात बहुधा उजवा. अंगठा कमजोर. दुखणं जुनं नाही, कारण हात अजून शिकतो आहे.

तीन आठवड्यांपूर्वीची एक मॅचही तिने शोधून काढली. तेव्हाचे फराटे याहून दुप्पट मोठे होते. म्हणजे कासव सुधारत होतं. तिच्या दवाखान्यात कुणी तीन आठवड्यांत एवढं सुधारलं असतं, तर तिने त्याची पाठ थोपटली असती, घरच्यांना बोलावून दाखवलं असतं.

"हाताला लकवा मारलाय का तुझ्या?" हे वाक्य रेकॉर्डिंगमध्ये तिच्याच आवाजात होतं. स्पष्ट, खणखणीत. तिने डबा झाकून ठेवला.

तीन वाजता टेलरकाका आले. ट्रेमधला चिमटा त्यांच्या हातून पडला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा टेबलाखाली गेला. काकांनी मान वर केली. "काय मॅडम, आज 'घाई कुणाला आहे' नाही? मी तर त्या वाक्याच्या भरवशावर येतो इथे."

तिने वाकून चिमटा उचलला. वर यायला तिला जरा वेळच लागला.

"मी एकाला फार वाईट बोलले काका," ती म्हणाली. का म्हणाली, तिलाच कळेना.

"मग जा आणि सांगा त्याला."

"कोण आहे, कुठे राहतो, काही माहीत नाही."

काकांनी चिमटा पुन्हा धरला. "आधी बोललात आणि मग माणूस शोधताय? उलटंच काम की." त्यांनी ते गमतीनेच म्हटलं, पण तिला हसू आलं नाही.

घरी जाऊन तिने भावाला फोन लावला. सगळं सांगितलं. तो आधी उडवून लावायला गेला. "अगं ताई, गेम आहे तो! सगळेच बोलतात. लोक तर आईबहिणीवर जातात. तू निदान तसलं काही नाही बोललीस."

"मी जे बोलले ते जास्त वाईट आहे. तू का मारलास रिपोर्ट? तुला वाटत होतं ते मुद्दाम हरवतंय?"

पलीकडे त्याने टीव्हीचा आवाज कमी केलेला ऐकू आला.

"बोल ना."

"नव्हतं वाटत," भाऊ म्हणाला. "पण तू चिडली होतीस. मी नाही म्हटलं असतं, तर तुझी गाडी माझ्यावर घसरली असती. सायलेन्सरचंही तेच. तो मला म्हणाला होता एकदा, तुझी बहीण घरी पण अशीच असते का?"

"मग तू हसायचास ते?"

"हसलं की तू दुसरीकडे वळतेस. लहानपणापासून माहितीये मला."

तिने फोन ठेवला. शाळेत असताना त्याला गणित शिकवायला ती बसायची, तेव्हाही तो असाच हसायचा. ती समजायची, याला मजा येते.

त्या रात्रीचा स्वयंपाक तिने केला नाही. गेमच्या कंपनीला पत्र लिहायला बसली. तक्रारीच्या फॉर्मवर पर्याय होते: शिव्या देतो, फसवणूक करतो, मुद्दाम हरवतो. "माझीच तक्रार खोटी होती" असा पर्याय नव्हता. तिने "इतर" वर टिचकी मारली आणि सगळं लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: आपल्या तक्रारीची दखल घेतली आहे, संबंधित खेळाडूवर कारवाई झाली आहे, गेम स्वच्छ ठेवायला मदत केल्याबद्दल आभार. त्या आभारांनी तिला थोबाडीत बसल्यासारखं झालं.

तिने पुन्हा लिहिलं. सोबत मॅचचं रेकॉर्डिंग जोडलं, कुठल्या मिनिटाला आपण काय बोललो ते वाक्यावाक्याने उतरवून काढलं. स्वतःच्या हाताने ते लिहिताना तिला दोनदा उठून पाणी प्यावं लागलं. भावानेही आपली तक्रार खोटी असल्याचं कंपनीला कळवलं. सायलेन्सरला तिने मेसेज केला, तर त्याचं उत्तर पाच मिनिटांत आलं. "माझी तक्रार खोटी होती, असं मी कालच कळवलं. आणि मी टीम सोडतोय. राग नाही. पण ऑफिसात साहेब ओरडतो, इथे तरी नको." त्याच्याकडून इतकी वाक्यं एकदम तिने पहिल्यांदाच ऐकली होती.

आठवड्याने एका खऱ्या माणसाचं पत्र आलं. खाली पद होतं, नाव नव्हतं. कासवाचं अकाउंट लेव्हलसकट परत दिलं होतं. खोट्या तक्रारीसाठी आणि शिवीगाळीसाठी घारीला तीन महिन्यांची बंदी. शेवटी एक ओळ: तुम्हाला त्या खेळाडूला थेट लिहिता येणार नाही, आमच्यामार्फत निरोप द्यायचा असल्यास आधी त्यांना विचारू.

तिने निरोप लिहिला. पहिला कागदभर झाला. त्यात तिचं काम, तिचा थकवा, दिवसभर लोकांचं सोसावं लागतं, सगळं आलं. वाचून पाहिल्यावर तिच्या लक्षात आलं, की ही माफी नसून वकिली आहे. खोडलं. शेवटी उरलं ते एवढंच: "तुमचा हात मला तेव्हाच दिसायला हवा होता. पण हात धडधाकट असता तरी मी जे बोलले ते बोलायला नको होतं. खोटी तक्रारही माझ्याच सांगण्यावरून झाली. चूक माझी आहे."

उत्तर यायला दीड महिना लागला.

"निरोप मिळाला. मी शाळेत चित्रकला शिकवायचे. जिन्यावरून पडले, हाताची नस गेली. भाच्याने सुचवलं म्हणून खेळायला आले. तुमच्या टीममध्ये थांबले, कारण कुठे उभं राहायचं ते तुम्ही फार नीट सांगायचात. बाकीचं मी कानाआड करत होते. त्या दिवशी नाही जमलं. त्यानंतर महिनाभर मी उजव्या हाताने काही केलं नाही, ब्रशही धरला नाही. आता पुन्हा सुरू केलंय. अकाउंट मिळवून दिलंत, ते ठीक. माफ केलं असं लिहायला सांगू नका, अजून तसं वाटत नाही. परत लिहू नका."

शिकवायचे. पडले. आले. थांबले. म्हणजे ती बाई होती, आणि "चालता हो" म्हणून आपण हाकललं ते एका चित्रकलेच्या शिक्षिकेला. आणि तो वाया गेलेला महिना. हातासाठी पहिले महिने म्हणजे काय, हे घारीइतकं कुणाला ठाऊक होतं? तेव्हा गेलेलं बळ पुष्कळदा पुरतं परत येत नाही. त्या महिन्याचं तिला काहीच करता येण्यासारखं नव्हतं. व्यायामाचा एक कागद लिहून पाठवावा, असं फार मनात आलं. "परत लिहू नका" ही ओळ तिने पुन्हा वाचली आणि हात आवरला.

टीम मोडली. बंदी संपल्यावरही ती गेममध्ये गेली नाही. भाऊ आता रविवारी सकाळी फोन करायचा. हातात खेळ नसल्यामुळे दोघं अवघडायची. हवा, पाणी, गुडघे, यांवर गाडी अडायची. अशाच एका रविवारी तो मध्येच थांबला.

"ताई, एक सांगायचं होतं. ओरडणार नाहीस ना?"

तिचा पारा त्या प्रश्नानेच चढू पाहत होता. असं काय केलंस, कधी केलंस, मला आत्ता सांगतोस, ही वाक्यं जिभेवर तयार उभी होती. तिने ती गिळली. ओरडणार नाही असं वचन द्यायची तिची हिंमत झाली नाही.

"सांग," ती म्हणाली. "मी ऐकतेय."

"मी मार्चमध्येच नोकरी सोडली," भाऊ म्हणाला. मग इतके महिने कोंडून ठेवलेलं बोलणं त्याने सुरू केलं, अडखळत, मागेपुढे करत. ती फोन कानाशी धरून बसली आणि मध्ये एक शब्दही बोलली नाही.