दुपारची घंटा

फिलोमिनाबाईंचं मूल जन्मलं, पण रडलंच नाही. बाप्तिस्मा नाही म्हणून त्या वेळच्या फादरांनी सिमिटरीत पुरायला जागा नाकारली. नवरा पास्कू गवंडी. चर्चची उत्तरेची भिंत तेव्हा तोच दुरुस्त करत होता. त्याने ते इवलंसं गाठोडं भिंतीच्या पायात ठेवून वर जांभ्याचा चिरा बसवला. तेव्हापासून बाईंचं व्रत: दर शुक्रवारी दुपारची घंटा होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. पास्कू गेला, व्रत राहिलं.

खाडीकाठचं ते चर्च आता तिसऱ्यांदा उभं राहणार होतं. पहिलं चुन्यातलं वादळात गेलं. दुसरं पास्कूच्या आज्यापणज्यांनी बांधलेलं, तेही कललं. बाईंनी धीर करून नव्या फादरांना सगळं सांगितलं. ते हळहळले. म्हणाले, "ती भिंत सोमवारी पाडू, तुमच्यासमोर. हातांनी खणू. बाळाला सिमिटरीत नेऊ."

पण शुक्रवारी फादर सावंतवाडीला गेले, आणि पाऊस तोंडावर आला म्हणून ठेकेदाराने जेसीबी नेमका उत्तरेला लावला.

बाई धावत आल्या. मशीनपुढे उभ्या राहून त्यांनी हात जोडले, भिंतीच्या पायाकडे बोट दाखवलं, रिकामे हात छातीशी धरून झुलवले.

जेसीबी चालवणारा बाळा हसला. "काय गो आजी, मशीनची पूजा करतेस काय? जुनं पडतंय म्हणून रडू नको. नवं बघशील, एकदम झकास! हो बघू बाजूस."

त्याने खाली उतरून, दंडाला धरून, मायेनेच त्यांना बाजूला बसवलं.

बाई घंटेची वाट बघत राहिल्या. ओठ दाताखाली धरलेले. भिंत बसली, पाया उकरला गेला, डबर ट्रकमध्ये पडू लागलं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, घंटा तर सकाळीच उतरवली होती. आवारात ताडपत्रीखाली पालथी पडली होती. त्यांनी चिऱ्याचा तुकडा उचलून तिच्यावर हाणला. बद्द आवाज झाला. तेवढा पुरे, असं त्यांनी मानलं.

"थांब रे बाळा! माझं पोर आहे तिथं!"

पायाचं डबर भरलेला ट्रक भराव टाकायच्या जागेकडे कधीच निघून गेला होता.

बाळाने मशीन बंद केलं. त्याचा चेहरा उतरला. "आजी, तुला बोलता येतं? मग मघाशी का नाय बोललीस गो?"

नव्या चर्चची घंटा आता उंचावर आहे. दुपारी खाडीपलीकडे ऐकू जाते. शुक्रवारी ती वाजते, थांबते, आणि फिलोमिनाबाई त्यानंतरही बोलत नाहीत.