वरच्या खिशातली बॅटरी

हँगरमध्ये सगळे त्यांना पुन्हाकाका म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदापुरतंच उरलं होतं. नट आवळला, की हे म्हणणार, "पुन्हा बघू." झाकण लावलं, की पुन्हा बघू. घराला कुलूप लावून निघाले, तरी अर्ध्या जिन्यातून परत येऊन ते ओढून बघत. शेजारीण म्हणायची, काका, चोरसुद्धा इतक्यांदा ओढून बघत नाही हो.

आणि नेमकं त्या दिवशी त्यांनी पुन्हा बघितलं नाही. घाईच तशी होती. एकुलती एक लेक दुसऱ्या शहरात, दिवस भरलेले, बाळाची वार खाली सरकलेली. दुपारी ऑपरेशन करून बाळ बाहेर काढायचं, असं डॉक्टरांनी ठरवलं होतं. जावई बोटीवर, तीही भर समुद्रात. लेकीची आई जाऊन बरीच वर्षं झालेली. फोनवर लेक एवढंच म्हणाली होती, "बाबा, तुम्ही आलात की मग मी आत जाते." त्या वाक्यात विनंती होती की धमकी, ते काकांना कळलं नाही.

विमान गच्च भरलेलं होतं. राहिली एकच जागा, जंपसीट. पायलटांच्या पाठीमागे भिंतीतून ओढून काढायची ती घडीची खुर्ची. कंपनीच्या मेकॅनिकला तिथे बसता येतं, पण कॅप्टनने हो म्हटलं तर. आणि वरिष्ठांची चिठ्ठी असली, तरी कॅप्टनला स्वतः जाऊन विचारायचं, ही रीत. पाळी संपल्यावर काकांनी कामाचा डगला कपाटात टाकला, घरचा शर्ट चढवला, सोबतच्या लंबूला म्हणाले, "माझा फोन बंद असेल. दवाखान्यात तुझा नंबर दिलाय," आणि धावतच विमान गाठलं.

कॅप्टनबाई पन्नाशीच्या, चष्मा दोरीला लटकवलेला. "बसा की," त्या म्हणाल्या. "नियम ठाऊक असेलच, तरी सांगते. विमान दहा हजार फुटांच्या खाली असेल तोवर कामाशिवाय एक शब्द नाही. पण विमानाला धोका आहे असं काही वाटलं, तर लाजत बसायचं नाही, बोलायचं."

"हो, मॅडम," काका म्हणाले. बोलण्यासारखं आपल्यापाशी काही असेल, असं तेव्हा त्यांच्या मनातही नव्हतं.

दार बंद झालं. विमान मागे ढकललं गेलं, इंजिनं सुरू झाली. काकांनी खांद्यावरचे पट्टे ओढून छातीवर अडकवले, आणि उजवा पट्टा छातीला सपाट बसला.

सपाट कसा बसला? उजव्या बाजूला वरच्या खिशात त्यांची बॅटरी असायची, कामावर डगल्याच्या, घरी निघताना शर्टाच्या. पेनाएवढी, लेकीने पहिल्या पगारातून घेऊन दिलेली. कंपनीची बॅटरी म्हणजे काजवा परवडला. म्हणून काका ही वापरत, आणि तीच चूक होती. कंपनीच्या हत्यारांना पेटीत एकेक खाच असते. काम संपलं की रिकामी खाच लगेच दिसते. घरच्या बॅटरीला कुठली आलीय खाच?

सकाळी याच विमानाचं डावं इंजिन त्यांनी उघडलं होतं. तेल झिरपतंय का, ते बघायला. बॅटरी दातात धरल्याचं आठवत होतं. मग दोन्ही हात हवे होते आणि लाळ गळायला लागली, म्हणून ती आतच कुठेशी टेकवली, तेही आठवत होतं. झाकणाच्या कड्या लावून त्यांवर हात फिरवला, तेही. मधलं काही केल्या आठवेना.

डगल्यातच असणार, त्यांनी मनाला सांगितलं. दुसरीकडे कुठे जाणार? डगला कपाटात, बॅटरी डगल्यात. मन म्हणालं, आणि नसली तर? मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. त्या इंजिनाच्या पोटात धातूची ती कांडी थरथरत सरकतेय, एखाद्या नळीवर घासतेय, असं त्यांना दिसायला लागलं. मागे शे-दीडशे माणसं पट्टे बांधून बसलेली. पुढे दवाखान्यात लेक दाराकडे डोळे लावून.

बोललं तर विमान परत फिरणार. लेक एकटी आत जाणार. नियम मोडून घरची बॅटरी वापरली म्हणून नोकरीवरही यायचं. न बोललं, तर बहुतेक काहीच होणार नाही. या 'बहुतेक'पाशी काका अडले. जन्मभर त्यांनी त्याच शब्दाचा दुस्वास केला होता. एखादं पोर म्हणालं, "बहुतेक बसलंय, काका," तर ते त्याला शिडी पुन्हा चढायला लावत.

पुढची दोन विमानं उडाली. आता यांचा नंबर. को-पायलटने वेग द्यायच्या दांड्याकडे हात नेला.

"मॅडम, थांबा," काका म्हणाले. आवाज आपला नसल्यासारखा आला. "डाव्या इंजिनात माझी बॅटरी राहिली असेल. खात्री नाही. पण राहिली असेल."

कॅप्टनबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. टॉवरला कळवलं, प्रवाशांना दोन वाक्यांत सांगितलं, विमान वळवलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं. मागून कुरकुर ऐकू येत होती. कुणीतरी मोठ्याने म्हणत होतं, आधी बघायला काय धाड भरली होती यांना? आणि खरंच, काय धाड भरली होती?

इंजिन उघडायला काकांना हात लावू दिला नाही. ज्याच्यावर शंका त्याने तपासायचं नसतं. लंबू शिडीवर चढला, कंपनीचा काजवा घेऊन. काका खाली उभे. अख्खं इंजिन धुंडाळून झालं. आत काही नव्हतं. मग लंबू काकांकडून कपाटाची किल्ली घेऊन हँगरकडे पळाला आणि बॅटरी हातात घेऊन आला. डगल्याच्याच खिशात होती, उजव्या, वरच्या.

"परत आलात की साहेबांपुढे उभं राहायचंय," तो हळूच म्हणाला. काकांनी मान डोलावली. बॅटरी त्यांनी घेतली नाही.

त्यांनी फोन लावला. लेकीचा आवाज घाईत होता. "बाबा, हे लोक थांबत नाहीयेत. रक्त जायला लागलंय." काकांनी सगळं सांगितलं, तुटक तुटक.

"सापडली का पण?"

"हो. कपाटातच होती."

"मला तुमच्यावर ओरडायचंय, बाबा. आत्ता वेळ नाही. आल्यावर ओरडते," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

काका पिशवी घेऊन विमानाच्या दारापाशी नुसतेच उभे राहिले. विचारायला तोंड कुठे होतं? शेवटी कॅप्टनबाईच आतून म्हणाल्या, "काका, खाली उतरलं की पुन्हा विचारायची पद्धत आहे."

"बसू का, मॅडम?"

"बसा."

या वेळी विमान उडालं. वर गेल्यावर को-पायलटने चहा पुढे केला, तो काकांच्या हातातच निवला. आल्यावर ओरडते, आल्यावर ओरडते. तेवढा एकच धागा धरून ते बसले होते. ओरडायला माणूस असावं लागतं, एवढंच त्यांना कळत होतं.

विमान उतरणीला लागलं. दहा हजार फूट गेले आणि कॉकपिट गप्प झालं. शहर दिसायला लागलं, तेवढ्यात मधल्या पडद्यावर बारीक दिवा लागला. ऑफिसातून निरोप. को-पायलटने वाचला. त्याने कॅप्टनबाईंकडे पाहिलं. त्यांनीही चष्म्यातून एकदा वाचला आणि पडदा पुसून टाकला. मग मागे न बघताच डावा तळहात उचलून काकांना दाखवला. गप्प बसा.

म्हणजे निरोप आपला होता. चांगला असता तर माणूस हसला असता. को-पायलट हसला नव्हता. तो समोर बघत होता, ओठ आवळून. विचारावं, तर विमानाला धोका कसला? धोका होता तो त्यांच्या एकट्याच्या जिवाला, आणि त्यासाठी नियमात जागा नव्हती. याच खुर्चीत बसून मघाशी त्यांनी तोंड उघडलं होतं, आता तेच तोंड मिटून बसले. शर्टाचा रिकामा खिसा त्यांनी मुठीत आवळला. खाली रस्ते आले, छपरं आली, एक लांबलचक पांढरी इमारत आली. हाच तो दवाखाना की काय, या विचाराने त्यांनी डोळे मिटून घेतले.

चाकं टेकली. विमान धावलं, मंदावलं, वळलं, आणि बऱ्याच वेळाने एकदाचं जागेवर उभं राहिलं. इंजिनं बंद झाली. कॅप्टनबाईंनी कानांवरचा हेडफोन काढला आणि आता कुठे मागे वळल्या.

"मुलगी झाली, काका. रक्त चढवावं लागलं, पण दोघी सुखरूप आहेत. आणि तुमची लेक शुद्धीवर आल्या आल्या विचारतेय, बाबा पोचले का, मला त्यांच्यावर ओरडायचंय."

काकांना पट्टा सोडवता येईना. बोटं नुसतीच बकलावर फिरत राहिली.

"पुन्हा सांगा, मॅडम," ते म्हणाले.